कशेळीचा हत्ती वरून पाहताना

राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, सुमारे 18 मीटर लांबीचा हत्ती कोरलेला आहे आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी. जवळ उभं राहिलं तर पायाखाली नुसत्या रेघा दिसतात. हत्ती बघायचा तर उंचीच हवी. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सडे पालथे घालून अशी कातळशिल्पं उजेडात आणली. 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेलेल्या अशा नऊ ठिकाणांपैकी सात रत्नागिरी जिल्ह्यातली आहेत.

नोंदणीच्या कामाला ड्रोनच हवा, यात वाद नाही. पण रत्नागिरीच्या शाळकरी मुलांनी आपला सडा स्वतः बनवलेल्या रॉकेटमधून एकदा तरी टिपावा.

कल्पना जुनीच. आल्फ्रेड नोबेल यांच्या रॉकेटमधल्या कॅमेऱ्याने 1897 मध्ये स्वीडनमधलं एक गाव टिपलं. जर्मन अभियंते आल्फ्रेड माउल यांचं रॉकेट 1912 पर्यंत 41 किलोचं झालं, आणि मग विमानाने त्याची गरजच संपवली. अमेरिकेतल्या एस्टेस कंपनीच्या 1965 च्या कॅमरॉकमध्ये एका उड्डाणाला एकच कृष्णधवल फोटो निघे.

आता बोटभर कॅमेरा अख्ख्या उड्डाणाचा व्हिडिओ घेतो. रॉकेटची दारू मात्र घरी कुटायची नाही. जिवावर बेतेल आणि विनापरवाना तो गुन्हाही आहे. पाण्याचं रॉकेट पुरे. शीतपेयाच्या दोन लिटरच्या बाटलीत तिसरा हिस्सा पाणी भरायचं, घट्ट बूच बसवून सायकलच्या पंपाने हवा दाबायची. खटका सुटला की पाणी खाली फेकलं जातं, बाटली वर झेपावते. कॅमेरा बाजूला, खाली तोंड करून. चढताना बाटली गरगरते, चित्र फिसकटतं. माथ्यावर वेग संपतो त्या क्षणाची चौकट निवडायची. दाबाखालची बाटली फुटू शकते, म्हणून खटका लांबून दोरीने ओढायचा आणि शिक्षक हजर हवेत.

वेळ सकाळची, कोवळ्या उन्हाची. तिरप्या उजेडात खोदीव रेघांत सावली साठते. भर दुपारी त्या पुसट होतात आणि खाऱ्या वाऱ्याने रॉकेटला अलगद उतरवणारं पॅराशूटही भरकटतं. रॉकेट शिल्पाच्या बाहेरूनच उडवायचं, तेही जागामालकाला आणि ग्रामपंचायतीला विचारून. शहराजवळच्या सड्यावर तर आधी विमानतळाचीही चौकशी करावी, कारण तिथे तटरक्षक दलाचा तळ आहे.

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनांत ज्वालामुखीच्या प्रतिकृती दरवर्षी येतात. त्यांच्या शेजारी यंदा एका तरी शाळेने आपल्या सड्याचं, आपल्याच रॉकेटने घेतलेलं चित्र मांडावं, आणि त्यासाठीचा कॅमेरा जिल्हा परिषदेने द्यावा.