वर्षातून एकदा निघणारी गाडी

“पालखी सोडून मोटार बघायला निघालीस? धन्य आहे बाई!”

दसऱ्याच्या दिवशी सकाळी सकाळी आजीने हा घरचा आहेर दिला. तिचं चुकलं नव्हतं म्हणा. आमच्या विट्याचा दसरा म्हणजे रेवणसिद्धाच्या पालख्यांची शर्यत. पालखी खांद्यावर आणि अख्खं गाव तिच्या मागे. पुण्या-मुंबईत कितीही डेडलाइन्स असोत, त्या संध्याकाळी आम्ही विटेकर गावात असतोच. आणि नेमक्या त्याच संध्याकाळी मी कोल्हापूरला निघाले होते. का? तर तिथे दसरा चौकात मेबॅक येते म्हणून!

ड्रायव्हर होता मामेभाऊ. तो गलाईवाला. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचं काम. पावसाने कायम पाठ फिरवलेल्या आमच्या भागातली माणसं पिढ्यान्पिढ्या हे काम घेऊन देशभर पांगली. म्हणून तर सणासुदीला विट्यात भलभलत्या राज्यांच्या नंबरप्लेटी दिसतात. भाऊ कोइमतूरला भट्टीपुढे बसतो आणि तिथे स्कूटरवर फिरतो. विट्यात मात्र त्याची चकाचक एसयूव्ही. वर्षातले बहुतेक दिवस ती अंगणात कव्हर घालून उभी असते. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालेलं नाही. यावरून मी त्याला जाम पिडते.

तर या प्लास्टिकवर बसून मी त्याला मेबॅकपुराण ऐकवायला सुरुवात केली. तुम्हीही ऐका.

विल्हेल्म मेबॅक हा गॉटलिब डाइमलरचा उजवा हात. पहिल्या मर्सिडीजचं डिझाइन त्याचंच. १९०९ साली तो आणि त्याचा मुलगा कार्ल झेपेलिनसाठी इंजिनं बनवायला लागले. झेपेलिन म्हणजे ती अवाढव्य हवाई जहाजं. मग पहिलं महायुद्ध जर्मनी हरली, व्हर्सायच्या तहाने विमानांच्या धंद्यावर बंदी आली आणि बापलेकांपुढे प्रश्न पडला, आता करायचं काय? उत्तर निघालं, मोटार. १९२१ साली पहिली मेबॅक बर्लिनच्या प्रदर्शनात आली. चारही चाकांना ब्रेक असलेली ती पहिली जर्मन गाडी.

गंमत म्हणजे कंपनी पूर्ण गाडी विकायचीच नाही. इंजिन आणि चासी तिची, वरची बॉडी गिऱ्हाइकाने कारागिराकडून हवी तशी बांधून घ्यायची. आपण शिंप्याकडे माप देतो ना, अगदी तस्संच! त्यामुळे एकीसारखी दुसरी सापडणं कठीण. ‘झेपेलिन’ मॉडेलला आठ लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन मिळायचं. त्यामानाने साधी, म्हणजे १९३६ पासूनची ‘एसडब्ल्यू ३८’, तिलाही ३.८ लिटर आणि १४० हॉर्सपॉवर. लांबच्या प्रवासात पोटातलं पाणी हलू नये, यासाठी हा सगळा आटापिटा. वीसेक वर्षांत एकूण गाड्या बनल्या साधारण १,८००. मग दुसरं महायुद्ध आलं आणि मेबॅकची इंजिनं टायगर आणि पँथर रणगाड्यांत बसली. युद्धानंतर कंपनीने मोटारी केल्याच नाहीत. २००२ साली मर्सिडीजवाल्यांनी नाव पुन्हा जिवंत केलं, आज ते महागड्या मर्सिडीजवर झळकतं.

त्या १,८०० पैकी एक कोल्हापूरला आली, राजाराम महाराजांच्या काळात. १९४० साली महाराज गेले, १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. मोटार राहिली.

भाऊ शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, “ताई, ही मेबॅक लोकांना दिसते कधी?”

“दसऱ्याला.”

“म्हणजे वर्षातून एकदा. मग माझ्या गाडीला कशाला हसतीस?”

क्लीन बोल्ड!

आणि त्याचा मुद्दा तेवढ्यावर संपत नव्हता. “तेव्हा आमचे आजे-पणजे दुष्काळाला कंटाळून गाव सोडत होते,” तो म्हणाला, “आणि राजे जर्मनीची गाडी घेत होते. तिचं कौतुक, आणि आम्ही भट्टीपुढं बसून घेतली तर शो-ऑफ?” विटा कोल्हापूर संस्थानात नव्हतं, ते ब्रिटिशांच्या सातारा जिल्ह्यात होतं, हे मी त्याला सांगणार होते. पण गप्प बसले. हे काही त्याच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

दसरा चौकात मुंगी शिरायला जागा नव्हती. अंबाबाईची पालखी आली, मानकरी आले आणि मग “आली, आली!” चा गलका. लांबलचक नाक, मोठाले हेडलाइट, आणि चाल अशी की चालणारा माणूसही पुढे जावा. शंभराच्या पुढे पळायला बनवलेली गाडी, पण तिला कसली म्हणून घाई नाही. शेजारच्या काकांनी नातवाला खांद्यावर घेतलं. “माझ्या बानं मला अशीच दाखवलीती,” ते म्हणाले. त्यांना ना सिलिंडर माहीत होते, ना हॉर्सपॉवर. सूर्य मावळला, शमीपूजन झालं आणि सोनं लुटायला एकच झुंबड उडाली.

आपट्याची पानं मुठीत धरून परत निघालो, तेव्हा कुठे मला भावाचं उत्तर सापडलं. मेबॅक राजाची होती. त्या पैशाचा हिशेब ज्याला मागायचा त्याने जरूर मागावा. पण ती दर दसऱ्याला लोकांत येत राहिली, म्हणून आज चौकातला प्रत्येक जण तिला ‘आपली’ म्हणतो. दुर्मिळ तर तिजोरीतल्या वस्तूही असतात. त्यांची आठवण कुणी नातवाला खांद्यावर घेऊन सांगत नाही.

हे सगळं मी भावाला ऐकवलं. तो फक्त “हं” म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात आवाज झाला. कव्हर निघालं होतं. आजीला रेवणसिद्धाच्या दर्शनाला रेणावीला जायचं होतं, शेजारच्या दोन म्हाताऱ्यांसकट. आजी सीटवर बसली, चुळबुळली आणि कडाडली, “ह्ये काय घातलंयस रं? नुसतं चरचरतंय!”

भावाने माझ्याकडे बघितलं आणि प्लास्टिक टराटरा फाडलं.