ग्रंथ गावाच्या दारी

शाळेत शिकलेली अक्षरे किती दिवस टिकतात? ज्याच्या घरी पंचांगावाचून दुसरे छापील पान नाही, असा मुलगा चार इयत्ता शिकून नांगरामागे गेला, की काही वर्षांत त्याला आपली सही करणेही जड जाते. बडोदे संस्थानात हा प्रश्न लवकर उभा राहिला. कारण सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ साली सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले होते. मुले वाचावयास शिकली, पण त्यांनी पुढे वाचावे काय?

महाराजांनी अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती. १९१० साली त्यांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास पाचारण केले आणि राजवाड्यातील आपला ग्रंथसंग्रह नव्या मध्यवर्ती ग्रंथालयास देऊन टाकला. शहरात ग्रंथालय असणे ही काही नवलाई नव्हती; नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे, तर पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ सालचे. परंतु अशी वाचनालये बहुधा वर्गणीदारांच्या आधारावर चालत. बडोद्याने ग्रंथ मोफत दिले आणि ते खेड्यापर्यंत नेले, हे त्याचे खरे मोठेपण.

गावाने ग्रंथालयासाठी काही रक्कम जमविली, की तेवढीच रक्कम स्थानिक पंचायत देई व तेवढीच संस्थान देई. या तीन वाट्यांत गावाचा वाटा सर्वांत मोलाचा म्हटला पाहिजे. आयती मिळालेली वस्तू सरकारची राहते. पदरचे पैसे घातले, की माणूस तिची धूळ झटकतो! जेथे ग्रंथालय नव्हते तेथे पुस्तकांनी भरलेली लाकडी पेटी जाई. वाहतुकीचा खर्च संस्थान सोशी. ती पुस्तके वाचून झाली, की पेटी परत येई आणि दुसरी रवाना होई.

महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, ग्रंथालयांना सरकारी अनुदान मिळू लागले. तरीही आज पुष्कळ ठिकाणी पुस्तक घरी नेण्यापूर्वी अनामत व वर्गणी भरावी लागते. ग्रंथालयांचा खर्च मोठा व अनुदान तोकडे, हे खरे. पण ही रक्कम ज्याच्यापाशी नाही, त्याच्याच घरी पुस्तकांची वाण अधिक असते. थोरांकडून वर्गणी अवश्य घ्यावी. शाळेत जाणाऱ्या मुलांकडून मात्र ती घेऊ नये.