झोपेची खतावणी

गेल्या दिवाळीच्या सुटीत माझ्या पुतणीने माझ्या डोक्याला कापड मोजण्याची टेप लावली. आमच्या इचलकरंजीत टेप घरोघरी असते. परंतु ताग्याऐवजी ती काकांच्या कपाळावर फिरू लागली, तेव्हा घरातील स्त्रिया तोंडाला पदर लावून हसू लागल्या. पुतणी मात्र गंभीर होती. शरीरक्रियाशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणारी ही मुलगी झोपेच्या मेंदूविज्ञानाचे चार दिवसांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण आटोपून परतली होती, आणि तिला हात बसवायचा होता.

नाकाच्या मुळाशी असलेल्या खोलगट भागापासून डोक्यामागील हाडाच्या उंचवट्यापर्यंतचे अंतर प्रथम मोजतात. माझे ३६ सेंटिमीटर भरले. त्याचे १० टक्के आणि २० टक्के काढून खुणा करायच्या. हर्बर्ट जॅस्पर यांनी १९५८ मध्ये घालून दिलेली ही पद्धत आजही जगभर चालते. खुणेच्या जागी त्वचा हलकेच घासून लेप लावायचा आणि त्यात तारेचे टोक बसवायचे. शिवाय डोळ्यांच्या कडांना, हनुवटीला आणि पायांना तारा, नाकाशी श्वास टिपणारी नळी, छाती-पोटाला पट्टे, बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा. प्रशिक्षणात विद्यार्थी एकमेकांच्याच अंगावर हे सारे लावतात. पहिल्या रात्री तिने लावलेल्या निम्म्या तारा पहाटेपर्यंत निखळल्या होत्या, हे तिने स्वतःच कबूल केले. पुस्तक वाचून हे कसे समजावे? लेप किती घ्यावा, हे बोटांनाच शिकावे लागते.

खरी कसोटी दुसऱ्या दिवशी असते. रात्रभराच्या नोंदीची ३० सेकंदांचे एक, अशी पाने पाडतात. आठ तासांची ९६० पाने होतात, आणि प्रत्येक पानावर निर्णय द्यायचा: जाग, उथळ झोप, मध्यम, गाढ, की स्वप्नांची? मध्यम झोपेत चातीसारख्या फुगीर लहरींचा लहानसा झुबका दिसतो. गाढ झोपेत उंच, संथ लाटा पानाचा निदान पाचवा हिस्सा व्यापतात. स्वप्नाच्या झोपेत डोळे भरभर फिरतात आणि हनुवटीचे स्नायू मात्र निपचित पडतात. ही शेवटची अवस्था १९५३ मध्ये शिकागो येथील युजीन असेरिन्स्की आणि नॅथनिएल क्लाइटमन यांनी जगापुढे मांडली. असेरिन्स्की यांनी आपल्या लहान मुलालाच तारा जोडून जुनाट यंत्रावर रात्री जागवल्या होत्या. तेव्हा काकांचे डोके वापरणारी आमची पुतणी काही नवे करीत नव्हती.

तिने सांगितलेली एक गोष्ट मात्र मला, खतावणीत एक रुपयाचा फरकही सहन न करणाऱ्या बँकेच्या माणसाला, बोचली. दोन कसलेले वाचक तीच नोंद वाचतात, तेव्हा त्यांचे एकमत साधारण ८० ते ८५ टक्के पानांवरच होते. म्हणजे शंभरातील पंधरा-वीस पाने वादातच! "म्हणूनच तर शिकायचे, काका," ती म्हणाली.

याचा उपयोग आमच्याच घरात होईल, असे तेव्हा वाटले नव्हते. माझे थोरले बंधू यंत्रमागाच्या व्यवसायात आहेत. त्यांचे घोरणे हा घरातील विनोदाचा विषय होता. प्रवचनात ते डुलकी घेत, तेव्हा कोणीतरी हळूच "प्रचला" म्हणे. वाचकांना ठाऊकच आहे की तत्त्वार्थसूत्राच्या आठव्या अध्यायात दर्शनावरणीय कर्माच्या भेदांत निद्रेचे पाच प्रकार येतात. त्यांपैकी प्रचला म्हणजे बसल्या-उभ्या येणारी झोप. शास्त्रातील शब्द आम्ही थट्टेला वापरला, आणि त्यामागील दुखणे दिसले नाही. एके दिवशी हातकणंगल्याच्या रस्त्यावर दादांचा डोळा लागला आणि गाडी कडेच्या मातीत उतरली. शेजारी वहिनी होत्या. दोघांनाही खरचटलेदेखील नाही; पण त्या दिवसापासून थट्टा थांबली.

एका रुग्णालयात रात्रीची तपासणी झाली. अहवालात तासाला ११ वेळा श्वासाचा अडथळा, म्हणजे 'सौम्य' दोष, असे लिहिले होते. दादांना हायसे वाटले. पुतणीने एवढेच विचारले, "हे वाचले कोणी?" चौकशीअंती कळले की आकडा संगणकाने काढला होता; पाने कोणी उलटलीच नव्हती. तिने स्वतः निदान करण्याचा आगाऊपणा केला नाही. मूळ नोंद मागवून आपल्या शिक्षकांकडे नेली. नाकातील नळी मध्यरात्रीनंतर सरकली होती. पुढचे अडथळे छातीच्या पट्ट्यांवर आणि प्राणवायूच्या रेषेवर स्पष्ट दिसत होते, पण ते मोजलेच गेले नव्हते. उलट, दादा जागे पडून होते ते दोन तास संगणकाने झोपेत धरले होते. अंश लहान, छेद मोठा! ७७ अडथळे भागिले सात तास, उत्तर ११. हाताने वाचल्यावर पाच तासांत १३५, म्हणजे तासाला २७. पंधराच्या पुढे दोष मध्यम गणला जातो, तिसापासून तीव्र. नुसता ताळेबंद पाहून कर्ज मंजूर करणारा अधिकारी आणि पावत्या तपासणारा अधिकारी यांतील फरक मी आयुष्यभर पाहिला आहे. तो दादांच्या श्वासाशी निगडित असेल, याची कल्पना नव्हती.

आता ते रात्री नाकावर हवेच्या दाबाचे यंत्र लावतात. कॉलिन सुलिव्हन यांनी हा उपाय १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियातून प्रसिद्ध केला. पहिले पंधरा दिवस दादांनी कुरकुर केली. सोळाव्या दिवशी वहिनींनी सांगितले की घरात इतकी शांतता आहे, की बाजूच्या मागांचा खडखडाट प्रथमच नीट ऐकू आला.

मध्यंतरी मी बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेतील अभ्यासाविषयी वाचले. तेथे विपश्यना करणाऱ्यांची झोप अशाच तारा लावून नोंदवली गेली, आणि वय वाढले की कमी होणारी गाढ झोप या साधकांत अधिक टिकून असल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. दादांना हे वाचून दाखवले. त्यांनी ऐकून घेतले आणि प्रवचनाला निघून गेले. हल्ली ते तेथे जागे असतात.

पुतणीचे लक्ष आता दादांच्या कारखान्यातील रात्रपाळीच्या जॉबरकडे वळले आहे. तो वीस वर्षे सकाळी आठला झोपतो, दुपारी दोनला उठतो, आणि मधल्या काळात शेजारच्या शेडमधील माग चालू असतात. त्याची झोप कधी कोणी मोजलेली नाही. तो तयार आहे. अट एकच, त्या दिवशीचा खाडा धरायचा नाही. दादांनी ती लगेच मान्य केली, आणि टेप पुन्हा कपाटातून बाहेर आली आहे.