डोके दुखत असेल तर ग्रुपला सांगा

डिसेंबर उजाडला की आपल्याकडे थंडी पडते ती पहाटेच्या लोकलमध्ये चार मफलर दिसण्याइतपतच. खरी थंडी अनुभवायची म्हणून वसई, नालासोपारा, विरारमधून तरुणांचे ग्रुप हल्ली उत्तराखंड-हिमाचलात बर्फावर जाऊ लागले आहेत. कधी सोसायटीतले मित्र असतात, कधी ऑफिसातले, तर कधी एखाद्या आयोजकाने जमवलेली वीस-पंचवीस अनोळखी मंडळी. गुलमर्ग किंवा सोलांगला बर्फावरच्या स्कूटरवरून एक फेरी मारायची, फोटो काढायचा आणि हॉटेलात परतायचे, याबद्दल मला विशेष काही सांगायचे नाही. आजचा विषय आहे तो बर्फातून चार-पाच दिवस चालत जाऊन तंबूत मुक्काम करणाऱ्या ग्रुपचा.

यात केदारकंठा फार लोकप्रिय आहे. देहरादूनहून दिवसभर गाडीने सांक्री या गावी पोहोचायचे आणि तिथून चालायला लागायचे. शिखराची उंची साधारण १२,५०० फूट. म्हणजे समुद्राकाठी राहणारा आपला माणूस आठवड्याभराच्या आत अशा ठिकाणी पोहोचतो, जिथे दर श्वासाला मिळणारा प्राणवायू इथल्यापेक्षा एक तृतीयांशाहून अधिक कमी असतो. शरीर याच्याशी जुळवून घेते, पण त्याला वेळ लागतो. तो दिला नाही तर डोके दुखू लागते, अन्न नकोसे होते, मळमळते, गरगरते, झोप लागत नाही. हा उंचीचा आजार.

धडधाकट माणसाला हा होत नाही, असा एक समज आहे. तो साफ चुकीचा आहे. १९६२ च्या चीन युद्धाच्या सुमारास सपाटीवरचे जवान घाईने उंचावर न्यावे लागले होते. अशा १,९२५ जवानांची पाहणी डॉ. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध केली. उंचीच्या आजारावर लिहिणारे जगभरचे डॉक्टर आजही तिचा उल्लेख करतात. जिथे तरणेबांड जवान आजारी पडले, तिथे वसई-विरारची मॅरेथॉन पळालो म्हणून आपल्याला काही होणार नाही, असे कुणी मानू नये. पहिल्या दिवशी सर्वांच्या पुढे धावणाऱ्यालाच दुसऱ्या रात्री ओकाऱ्या होतात, हे पुष्कळदा घडते.

माझ्या मते खरा धोका उंचीपेक्षाही ग्रुपमधल्या संकोचाचा आहे. पैसे भरलेले असतात, रजा मोठ्या मुश्किलीने मिळालेली असते आणि डोके दुखते म्हटले की चारचौघांत चेष्टा होते. मग माणूस गुपचूप एक गोळी घेतो आणि चालत राहतो. दुसरी एक गोष्ट पाहा. मागे पडलेल्यासाठी ग्रुप थांबतो, त्याची वाट पाहतो, पाणी पितो, बिस्किटे खातो, आणि तो धापा टाकत पोहोचला रे पोहोचला की 'चला' म्हणून उठतो. ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ती अजिबात मिळत नाही! मागच्याने येऊन दहा मिनिटे बसल्याशिवाय कुणी उठायचे नाही, हा नियम निघण्यापूर्वीच करून टाकावा.

डोके दुखायला लागले की आणखी वर जायचे नाही. दुखणे थांबेपर्यंत त्याच उंचीवर राहायचे आणि वाढले तर खाली उतरायचे. बसल्या जागी धाप लागते, खोकला सुटतो, तेव्हा फुफ्फुसात पाणी होऊ लागले असे समजा. माणूस असंबद्ध बोलतो किंवा टाचेला पंजा लावून सरळ रेषेत चालायला सांगितले तर दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो, तेव्हा मेंदूला सूज येत आहे असे समजा. अशा वेळी सकाळची वाट पाहायची नाही. रात्र असली तरी सोबत देऊन त्याला खाली आणायचे. हजारभर फूट उतरल्यानेही जीव वाचू शकतो. करोनापासून प्रत्येकाच्या पिशवीत ऑक्सिमीटर असतो, पण गारठलेल्या बोटावर तो आकडा चुकवतो. आकडा बरा दिसतो म्हणून आजारी माणसाला वर नेऊ नका.

आता त्याच्यासोबत खाली कोण उतरणार? हा प्रश्न बर्फात उभे राहून सुटत नाही. शिखर सोडायला तिथे कुणीच राजी नसते. म्हणून दोन नावे घरीच ठरवावीत. आयोजकालाही स्पष्ट विचारावे, की एक गाईड आजाऱ्याबरोबर गेला तर उरलेल्यांकडे कोण? याचे नीट उत्तर न देणाऱ्याकडे पैसे भरू नयेत.

थंडीचेही तसेच. जून २०२४ मध्ये, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, उत्तरकाशीतील सहस्त्रतालच्या वाटेवर एक ग्रुप खराब हवामानात सापडला आणि ९ जणांचा मृत्यू झाला. मग जानेवारीची काय कथा? घामाने भिजलेला सुती बनियन अंगातली ऊब खेचून घेतो, तो मुक्कामी पोहोचताच बदलावा. कुडकुडणारा माणूस अचानक कुडकुडायचा थांबला आणि पेंगू लागला, तर ते बरे होण्याचे लक्षण नव्हे. पांढरी, बधिर पडलेली बोटे चोळू नयेत, शेकोटीवरही धरू नयेत. ब्रँडीने ऊब वाटते, प्रत्यक्षात अंगातली उष्णता बाहेर जाते. आणि बंद खोलीत किंवा तंबूत पेटती शेगडी घेऊन कधीही झोपू नये. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरने गुदमरून मेल्याच्या बातम्या आपण वाचतो. विषारी वायू तोच, कार्बन मोनॉक्साइड.

आपल्या जिल्ह्यापुरती एक गोष्ट मुद्दाम सांगतो. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू या भागांतल्या आदिवासी समाजात सिकलसेलचे वाहक आहेत. वाहकाला एरवी काहीच त्रास नसतो, त्यामुळे त्याला स्वतःलाही ठाऊक नसते. परंतु उंचावर प्राणवायू कमी पडला की त्याच्या प्लीहेचा रक्तपुरवठा अडू शकतो आणि डाव्या बरगडीखाली तीव्र वेदना सुरू होतात. २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे आणि सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी होते. या भागातल्या मुलामुलींनी बर्फावर जाण्यापूर्वी ती जरूर करून घ्यावी.

बहुतेक आयोजक डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म मागतात. 'डॉक्टर, नुसती सही हवी, खाली रिक्षा थांबली आहे,' असे म्हणणारे दर मोसमात भेटतात. कुणी रक्तदाबाची गोळी चालू असल्याचे लपवतो, कुणी लहानपणापासूनचा दमा. त्या कागदाने आयोजकाची सोय होते, तुमच्या फुफ्फुसाची नाही. उंचीच्या आजाराची डायमॉक्स नावाची गोळी आहे, ती काहींना उपयोगी पडते. पण तिने आजार टळतोच असे नाही, आणि सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगायला हवे. मित्राने घेतली म्हणून आपण घेऊ नये.

तेव्हा फॉर्म घेऊन निघायच्या आदल्या रात्री येऊ नका, महिनाभर आधी या. रक्तदाब किंवा साखर वाढलेली निघाली तर औषध बदलून पुन्हा तपासायला तेवढा वेळ लागतोच. तोवर रोज तासभर चाला आणि रविवारी पाठीवर सात-आठ किलोची पिशवी घेऊन तुंगारेश्वरचा चढ चढा. त्याने उंचीचा आजार टळणार नाही, पण पाय तयार होतील, आणि ग्रुपमध्ये कोण कुणासाठी थांबतो तेही कळेल.