मोजदाद नाही, तर हक्क कुणाचा?

स्थलांतरित मजुरांच्या हक्कांवर संशोधन करणाऱ्यांनी आधी कायद्याने कुणाला वगळले ते पाहावे. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा पाच मजुरांपासून लागू होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेली संहिता दहापासून लागू होते. विस्थापन भत्ताही गेला. स्वतःहून आलेल्याला नव्या व्याख्येत जागा मिळाली, हे खरे. पण वर्ध्यातल्या वीटभट्टीवर ठेकेदाराने छत्तीसगडचे सहा-सात मजूर आणले, तर ते आता कायद्याबाहेर! मेळघाटातला कोरकू मजूर तर राज्याची सीमाच ओलांडत नाही. तो हिशेबातच नाही.

टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर मेले याची माहिती नाही, म्हणून भरपाईचा प्रश्नच येत नाही, असे केंद्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये लोकसभेत सांगितले. ज्याची नोंद नाही, त्याला हक्क नाही, हीच व्यवस्थेची रीत.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्यांचा वारसा सांगणाऱ्या हिंगणघाट, देवळी, सेलूतल्या कार्यकर्त्यांनी वही घेऊन भट्टीवर जावे. मुकादम कोण, उचल किती, कापली किती, मजुराची जात कोणती, हे लिहावे. सरकार मोजत नसेल, तर चळवळीने मोजावे आणि ती वही कामगार कार्यालयात पुरावा म्हणून ठेवावी.