नाटककार जोतीराव

स्पेन देशात होसे एचेगाराय नावाचा एक विलक्षण पुरुष होऊन गेला. जन्म १८३२ चा. पेशाने इंजिनिअर, पुढे देशाचा अर्थमंत्री, आणि नाटककार म्हणून १९०४ च्या नोबेल पारितोषिकाचा वाटेकरी! राज्यकारभार आणि रंगभूमी या दोन्हींत वावरलेला असा माणूस त्या शतकात आपल्याकडे कोण, असे कोणी विचारल्यास मी जोतीराव फुले यांचे नाव घेईन. ऐकणारा बहुधा चमकेल. जोतीराव आणि नाटक?

वास्तविक जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक १८५५ साली, म्हणजे वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी लिहिले. भाव्यांच्या ‘सीता स्वयंवरा’ला तेव्हा जेमतेम बारा वर्षे झाली होती. रंगभूमीवर देव आणि राक्षस नाचत असताना या माणसाने तेथे एक कुणबी, त्याची गरोदर बायको आणि ग्रहांची भीती घालून त्यांना लुबाडणारा जोशी आणला. दक्षिणा प्राइज कमिटीने नाटक नाकारले. छापील रूपात ते वाचकांपुढे आले १९७९ मध्ये! एकशे चोवीस वर्षे ते दाराबाहेर ताटकळले.

मंत्रिपद तर दूरच. १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सभासदत्व, एवढेच त्यांचे अधिकारपद. पण व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याचा ठराव आला तेव्हा विरोधात हात वर झाला तो एकट्या जोतीरावांचा. नाटकातला कुणबी ज्या पैशासाठी नाडला जातो, तोच हा पैसा.

हे नाटक प्रयोगक्षम नाही, त्यात उपदेश फार, असा आक्षेप आहे. संवाद लांबतात हे खरे. पादरी तर व्याख्यानच देतो, तो भाग मलाही कंटाळवाणा वाटतो. पण विदूषक? तो तमाशातल्या सोंगाड्याचा सख्खा भाऊ आहे. जोशी बोलला की हा मध्येच टोचतो, आणि त्याची भाषा आपल्या भीमाकाठच्या माणसाला समजावून सांगावी लागणार नाही. १८७५ साली सावकारांच्या वह्या जाळणाऱ्या शेतकऱ्यांत आपल्या शिरूर तालुक्यातलेही होते. त्यांच्या वीस वर्षे आधीचा कुणबी या नाटकात बोलतो.

मराठीचे विद्यार्थी परीक्षेपुरते नाटकाचे नाव पाठ करतात, आणि स्नेहसंमेलनात मुंबईच्या दिवाणखान्यातली प्रहसने बसवतात. मांडवगण फराट्याच्या पोरांनी सोफ्यावर बसून चहाचे कप हलवण्यापेक्षा पुढल्या संमेलनात ‘तृतीय रत्न’ करावे. पादऱ्याची भाषणे खुशाल निम्मी करा. पडदा, दिवाणखाना काही लागत नाही. शेवटी नवरा-बायको रात्रीच्या शाळेत शिकायला निघतात. तेवढ्यासाठी दोन पाट्या पुरेत.