गुप्त हुकूम आणि मक्तेदारांचे ‘स्वातंत्र्य’

दिल्लीच्या वेशीवर शेतकरी ठाण मांडून बसले असताना, १ फेब्रुवारी २०२१ रोजी ट्विटरने केंद्र सरकारच्या हुकुमावरून ‘किसान एकता मोर्चा’ व ‘कॅरव्हान’ मासिक यांची खाती भारतात बंद केली. निषेध उसळताच ती त्याच दिवशी खुली झाली. पण शस्त्र म्यान झालेले नाही! २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ रद्द केले. ६९ अ मात्र शाबूत राखले. २००९ च्या नियमावलीतील सोळावा नियम या कलमाखालील हुकूम गुप्त ठेवतो. सरकार मुस्कटदाबी फर्मावते, मक्तेदार कंपनी ती अमलात आणते आणि जनतेला कारणही कळत नाही. नफेखोरांच्या मेहेरबानीवर विसंबणे हे स्वातंत्र्य नव्हे. सकारण, जाहीर आदेश आणि बाजू मांडण्याचा हक्क हीच आपली लढाऊ मागणी असली पाहिजे!